वयाला शोभेल असं म्हणजे कसं?

(पनवेल येथे महिला मंडळे आणि बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला विषय दिला, ‘वयानुसार शोभून दिसणारा पोशाख’. पत्रिकेवर तो वाचून एका कार्यकर्तीने मला फोन केला. म्हणाली, “अगं, पाण्याचे, रेशनचे, मारहाणीचे इतके प्रश्न पडलेत आणि तू साड्यांवर बोलणार?” तिचा प्रश्न रास्त आहे. पण मी गेली अठ्ठावीस वर्षं पनवेलला शिवणाचा वर्ग चालवते. माप घेताना बाई जे बोलते ते ती मोर्चात बोलत नाही आणि नवऱ्यापाशी तर नाहीच. “गळा वरच ठेवा हं, आता मुलगी लग्नाची झाली.” “बाही लांब करा, सासूबाई आल्यात.” “रंग फिका बघा, आता आमचं काय राहिलंय!” हे सगळं ऐकून माझी खात्री झाली आहे, की पाण्याचा प्रश्न जसा बाईचा आहे तसाच हाही आहे. म्हणून मी हा विषय घेतला.

पहिल्यांदा आपली भाषाच बघा. मुलगी वयात आली की आपल्याकडे काय म्हणायचे? ‘पदर आला’. पाळी सुरू झाली असं सरळ म्हणत नसत. शरीरात बदल झाला आणि त्याला नाव मिळालं कपड्याचं. कालपर्यंत परकर-पोलक्यात आंब्यावर चढणारी पोर दुसऱ्या दिवसापासून पदर सावरायला लागायची. मग लग्न झालं की नऊवारी, हिरवा चुडा, कुंकू, मंगळसूत्र, जोडवी. आणि नवरा मेला की ब्राह्मण आणि काही उच्चवर्णीय घरांत केशवपन आणि अंगावर आलवण. विधवा दहा वर्षांची असो की सत्तर वर्षांची, तिचा वेष एकच.

आता मला सांगा, यात वय कुठे आहे? कुमारी, सवाशीण, विधवा, असा हा हिशेब. बाईचा पोशाख बदलायचा तो तिच्या आयुष्यातल्या पुरुषाच्या असण्या-नसण्यावरून. ‘वयाला शोभेल असं’ हे त्याला दिलेलं गोड नाव. पुरुषाचं बघा. विसाव्या वर्षी शर्ट-पँट, साठाव्या वर्षी शर्ट-पँट. लग्न झालं हे त्याच्या कपड्यांवरून कळत नाही, बायको वारली हेही कळत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी धोतर सोडलं आणि पँट घातली तेव्हा संस्कृती बुडाली म्हणून कुणी परिपत्रक काढलं नाही. बाईने नऊवारी सोडून पाचवारी घेतली, पाचवारी सोडून पंजाबी ड्रेस घेतला, पंजाबी ड्रेस सोडून जीन्स घेतली, तेव्हा मात्र प्रत्येक वेळी घरात भांडणं झाली. या सभागृहात अशा भांडणांच्या साक्षीदार पुष्कळ बसल्या आहेत.

या भांडणाला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा घेतली आणि विधवांचं केशवपन करणार नाही असा निर्धार केला. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. पुढे हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून निधी जमवणाऱ्या पार्वतीबाई आठवले यांनी बरीच वर्षं विधवेच्या वेषात काढली आणि मग स्वतः विचार करून केस वाढवले. आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या. तिथल्या थंडीत नऊवारीत पाय उघडे पडत, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. कारण अगदी साधं होतं, पायाला थंडी वाजत होती. कपडा बदलायला एवढं कारण पुरेसं असतं. पण बाईला ते कधीच पुरेसं मानलं गेलं नाही, तिला प्रत्येक वेळी धर्माचा दाखला मागितला गेला.

आपल्या रायगड जिल्ह्यातली गोष्ट तर आपण विसरताच कामा नये. तेव्हा हा कुलाबा जिल्हा होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह परिषद भरली. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर बायांशी वेगळं बोलले. ज्या खुणांवरून तुमची जात ओळखली जाते त्या टाकून द्या, असं त्यांनी सांगितलं. आखूड नेसलेलं लुगडं, अंगभर जड दागिने, या त्या खुणा. आणि बायांनी तिथल्या तिथे लुगडी घोट्यापर्यंत नेसायला सुरुवात केली. आज आपल्याला वाटेल, यात काय एवढं? पण दलित बाईने लुगडं किती लांब नेसायचं हे गाव ठरवत होतं. ते वीतभर खाली आणणं म्हणजे गावाचा हुकूम मोडणं होतं.

आणि त्याच वेळी याच जिल्ह्यात आपल्या आगरी-कोळी बाया गुडघ्याशी लुगडं नेसून, कासोटा घट्ट मारून भाताच्या खाचरात, मिठागरात, होडीवर काम करत होत्या. आजही पनवेलच्या मासळीबाजारात ती आजी तुम्हाला तशीच दिसेल. तिला कुणी म्हणालं, “आजी, लुगडं जरा खाली घ्या,” तर ती काय उत्तर देईल ते मी इथे सांगत नाही! तिचं आखूड लुगडं तिच्या कामातून आलं आहे, त्याचा तिला ताठा आहे. महाडच्या बायांनी लुगडं लांब केलं, हीने आखूड ठेवलं. दोघींचं बरोबर. म्हणजे मुक्ती लांबीत नाही आणि आखूडपणातही नाही. ती लांबी कोण ठरवतं, एवढाच प्रश्न आहे.

आता हे ठरवणारे नेहमी पुरुषच असतात का? इथे आपल्याला थोडं टोचेल. नवी मुंबईत रबाळ्याजवळ गोठिवली गाव आहे. इथून तासाभरावर. २०१४ साली तिथल्या एका महिला मंडळाने फलक लावला, की दिवसा मॅक्सी घालून घराबाहेर फिरणाऱ्या बाईला ५०० रुपये दंड. कारण ते सभ्य दिसत नाही. २०१८ साली आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या तोकलपल्ली गावात असाच नियम झाला. दंड २००० रुपये, आणि अशा बाईचं नाव कळवणाऱ्याला १००० रुपये बक्षीस!

गाऊन किंवा मॅक्सी म्हणजे काय हो? नखशिखांत झाकणारा कपडा. सुती, सैल, नाडी नाही, निऱ्या नाहीत, धुवायला सोपा, पाजत्या आईला सोयीचा. पहाटे पाचला उठून रात्री अकरापर्यंत घरात राबणाऱ्या बाईने तो स्वतः शोधून काढला, कारण तिच्या कामासाठी म्हणून कुणी कपडा शिवलेलाच नव्हता. दुकानदाराने तो झोपायला विकला, तिने त्याचा कामाचा गणवेश केला. नळावर, दुधाला जाताना खांद्यावर ओढणी नाहीतर टॉवेल टाकला की झालं. पुरुष बनियन आणि अर्ध्या चड्डीत नाक्यावर उभा राहतो, त्याला दंड नाही. आणि दंडाचा फलक लिहिणारा हात बाईचा! मी त्या मंडळातल्या बायांना दोष द्यायला हे सांगत नाही. त्यांना वाटलं असेल, मुली सुरक्षित राहतील, गावाचं नाव राहील. पण व्यवस्था अशीच चालते. पहारा ती आपल्याच हातात देते.

सुरक्षिततेचं म्हणाल तर, कपड्यामुळे अत्याचार होतो हे म्हणणं किती खोलवर रुजलं आहे ते बघा. २०२२ साली केरळात एका सत्र न्यायालयाने जामिनाच्या आदेशात तक्रारदार बाईच्या कपड्यांवर शेरा मारला होता. केरळ उच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो काढून टाकला. निकालातून शेरा काढता येतो. गावातल्या कट्ट्यावरून, घरातल्या ताटावरून तो काढायचा तर आपल्यालाच काढावा लागेल. पंचाहत्तर वर्षांच्या नऊवारीतल्या आजीवर आणि शाळेच्या गणवेशातल्या पोरीवर अत्याचार झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तिथे कोणता कपडा चुकला?

आता दुसऱ्या बाजूबद्दल. संस्कृतीवाले म्हणतात झाकून घे, आणि बाजारवाले म्हणतात तरुण दिस. १९९४ साली भारताला एकाच वर्षी दोन विश्वसुंदऱ्या मिळाल्या. १९९६ साली बंगळूरला जगत्सुंदरी स्पर्धा झाली तेव्हा बायकांच्या संघटनांनी निदर्शनं केली, आणि संस्कृतिरक्षकांनीही केली. दोघांची कारणं अगदी वेगळी होती, पण वर्तमानपत्रांनी एकाच चौकटीत छापली. त्यानंतर सौंदर्याचा बाजार आपल्या गल्लीपर्यंत आला. सुरकुती हा आजार झाला, पांढरा केस ही लाज झाली. म्हणजे साठीच्या बाईने एकीकडे फिक्या साडीत म्हातारं दिसायचं आणि दुसरीकडे क्रीम लावून तरुण दिसायचं. ती आहे तशी दिसली तर मात्र दोघांनाही चालत नाही.

म्हणून मग आपण नटूच नये का? असं मी म्हणणार नाही. चळवळीतही एक अलिखित गणवेश असतो. हातमागाची साडी किंवा खादीचा कुर्ता, खांद्याला झोळी. एखादी तरुण मुलगी लिपस्टिक लावून बैठकीला आली की दोन भुवया वर जातात. नटणं ही माणसाची हौस आहे. आपल्या कातकरी बाया वीटभट्टीवर राबतात आणि तरी केसांत फूल माळतात. ते फूल कुणाला दाखवायचं नसतं, ते तिचं असतं. ते काढून घेणारे आपण कोण?

माझ्याकडे एक बाई येतात. साठी उलटलेली, नवरा जाऊन बारा वर्षं झाली. कायम राखी नाहीतर बदामी रंगाचं कापड आणायच्या. एकदा आंबा रंगाचं कापड घेऊन आल्या. लाल पायपिंग लावा म्हणाल्या. मी माप घेतलं, शिवलं. पैसेही त्यांनी आधीच दिले होते. पण ब्लाउज न्यायला येईनात. “घरात सुनेची माणसं यायची आहेत, नंतर नेते.” “गणपती होऊ दे.” आठ महिने ते माझ्या कपाटात होतं. त्यांच्या अंगावर कपडा चढायच्या आधी किती जणांची परवानगी लागत होती, ते मी मोजत राहिले. मुलगा, सून, सुनेचं माहेर, शेजारीण, देवळातल्या बायका. एका मंगळवारी आल्या, आतल्या खोलीत जाऊन घालून बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, “काखेत सैल होतंय, जरा आवळून द्या.” हा माझ्या वर्गातला मोठा दिवस होता.

‘बुढ्ढी घोडी, लाल लगाम’ ही हिंदी म्हण आपण मराठी बाया किती सहज वापरतो! त्या बाईंना तीच भीती होती. या भीतीचं मूळ विधवापणाच्या नियमांत आहे. म्हणूनच कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत जो ठराव केला तो मला फार मोलाचा वाटतो. नवऱ्याच्या मृत्यूनंतर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे सगळं बंद, असा तो ठराव. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींनी त्याचं अनुकरण करावं असं परिपत्रक काढलं. बाईच्या अंगावर काय असावं यावर गावाने ठराव केला खरा, पण तो तिच्या अंगाला हात न लावण्याचा. गोठिवलीच्या फलकात आणि हेरवाडच्या ठरावात हा फरक आहे.

आता मी थोडं माझ्या धंद्याचं बोलते. वयाप्रमाणे कपडा बदलायला हवाच, पण तो शरीराप्रमाणे, कामाप्रमाणे, ऋतूप्रमाणे.

लहान मुलीला पळता आलं पाहिजे, सायकल चालवता आली पाहिजे. अनेक शाळांत मुलगी वरच्या वर्गात गेली की तिच्या गळ्यात ओढणी येते आणि दोन्ही खांद्यांवर पिना लागतात. ती खो-खो खेळेनाशी होते. आपण म्हणतो, वयच तसं. मला वाटतं, ओढणीच तशी. मार्च २०२४ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पोशाखाच्या सूचना काढल्या, त्यातही शिक्षिकेच्या कुर्त्याबरोबर दुपट्टा आलाच. खडूने फळ्यावर लिहिताना तो कशाला मदत करतो?

नोकरी करणाऱ्या मुलीला लोकलमध्ये चढायचं असतं. १९९८ साली हार्बरची लोकल पनवेलपर्यंत आली आणि आपल्या पोरी मुंबईला कामाला जायला लागल्या. तिला काय हवं? खिसा! पुरुषाच्या शर्ट-पँटीला चार-पाच खिसे, बाईच्या कपड्याला एकही नाही. पैसे आणि मोबाईल ती हातात किंवा ब्लाउजमध्ये ठेवते. कुर्त्याच्या शिवणीत खिसा लावायला तळहाताएवढं कापड लागतं. शिंपी स्वतःहून लावत नाही, मागून घ्या. स्वतःचा पैसा स्वतःच्या अंगावर ठेवता येणं ही लहान गोष्ट नाही.

चाळिशी-पन्नाशीत पाळी जाताना एकदम घाम फुटतो, जीव घाबरा होतो. तेव्हा अंगात सिंथेटिक नको, पातळ सुती हवं. याच वयात पुष्कळ बायकांचे खांदे आखडतात, मधुमेह असेल तर जास्तच. हात मागे जात नाही. तरी त्या मागे हूक असलेलं ब्लाउज घालतात आणि रोज सकाळी कुणाला तरी हाक मारतात. हूक पुढे घ्या. पाठ थोडी वाकली की मागची उंची वाढते, पुढची कमी होते. जुन्या मापावर नवं ब्लाउज शिवू नका, माप पुन्हा द्या. वय झालेल्या बाईला घसरणारी निरी आणि लोळणारा काठ धोक्याचा. एका पडण्याने खुब्याचं हाड मोडतं. साडी घोट्याच्या वर घ्या किंवा सरळ सलवार घाला.

आणि नाडी! परकराची नाडी आपण वर्षानुवर्षं एकाच जागी करकचून बांधतो. कंबरेवर काळा पट्टा पडतो, खाज येते, जखम होते. आपण म्हणतो, सगळ्यांनाच असतं. पण २०२४ साली वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात दोन वयस्क बायकांची माहिती दिली. त्या जागची जखम भरलीच नाही आणि तिथे कातडीचा कर्करोग झाला. एक परकर घालणारी, दुसरी लुगडं नेसणारी. असं फार जणींना होत नाही, घाबरून जाऊ नका. पण नाडीऐवजी रुंद पट्टी लावा, सैल बांधा, घरी आल्यावर मोकळं व्हा, आणि कंबरेवरची जखम महिनाभर भरली नाही तर दवाखान्यात दाखवा. शोभण्यापायी आपण किती सोसतो, त्याची ही खूण आपल्याच कातडीवर असते.

मैत्रिणींनो, आरशासमोर उभं राहिल्यावर स्वतःला तीन प्रश्न विचारा. यात मला श्वास घेता येतो का? यात माझं काम होतं का? हे मला आवडलं आहे का? चौथा प्रश्न, ‘लोक काय म्हणतील’, तो आपोआप येईल. त्याला शेवटी बसवा, पहिल्या रांगेत नको.

शेवटी तीन कामं सुचवते. आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला विधवा आणि एकट्या बायांना मानाने बोलवा, नाहीतर तो कार्यक्रम वेगळ्या नावाने करा. शाळेच्या पालकसभेत मुलींच्या गणवेशाचा प्रश्न काढा, त्यांना पँट आणि खिसा मागा. आणि आपल्यापैकी कुठल्याही मंडळाच्या नावाने बाईच्या कपड्यावर दंडाचा फलक लागणार नाही, असा ठराव आजच इथे करा. कागद-पेन मी आणलं आहे.

एवढं बोलून मी थांबते. जिंदाबाद!